डाव्या हातातली फरी

नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून सोडवून आणली आणि नागपूरकरांची छाती फुगली. तलवारीचे असे कौतुक होते. ढालीच्या वाट्याला ते क्वचित येते आणि लहान ढालीचे, म्हणजे फरीचे, तर नावही आता फारसे कोणाच्या तोंडी नाही.

नाव मात्र जुने आहे. संस्कृतात ढालीला ‘फर’ आणि ‘स्फर’ म्हणत. फारसीतली ढाल म्हणजे ‘सिपर’. भाषेचे अभ्यासक ही नावे प्राचीन इराणी शब्दाशी जोडतात. अमरकोशाने ढालीची दिलेली नावे वेगळी आहेत: फलक आणि चर्म. एक लाकडावरून पडलेले, दुसरे कातड्यावरून.

मराठीत फरी रुळली ती तालमीत, आणि तीही जोडीने: फरीगदगा. गदगा म्हणजे कातड्याची खोळ चढवलेली वेताची काठी. फरी चामड्याची, गोल, लहान. तिच्या आत मूठ असते आणि बोटे ठेचू नयेत म्हणून गादी. एवढीशी फरी अंग झाकू शकत नाही, म्हणून खेळणाऱ्याला पाय हलवावे लागतात आणि समोरच्याच्या मनगटावर नजर ठेवावी लागते. शीर नावाचा वार डोक्यावर येतो, तमाचा गालावर. प्रत्येक वाराला फरी वेळेवर पुढे न्यायची, हेच शिक्षण. पट्टा आणि तलवार हाती येण्याआधीची ही तयारी.

नागपुरात या खेळाने नाव बदलले. १९२५ साली इथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आज्ञा आणि प्रार्थना १९३९ च्या सिंदी इथल्या बैठकीनंतर संस्कृतात आल्या. संघाच्या शारीरिक शिक्षणात वेत आणि ढालीच्या खेळाला ‘वेत्रचर्म’ म्हणतात. गदग्याचा झाला वेत्र, फरीचे झाले चर्म. अमरकोशातले नाव असे मैदानावर उतरले.

पंजाबात मात्र फरी फरीच राहिली. तिथल्या गतका या शस्त्रखेळाच्या स्पर्धेत ‘फरी-सोटी’ हा प्रकारच आहे, आणि २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत गतका खेळला गेला.

मोठ्या ढालीचे नशीब निराळे. मराठ्यांच्या फौजेत ‘ढाल’ म्हणजे मोठे निशाणही. ते वाहणारा हत्ती तो ढालगज, आणि त्यावरून आली ढालगज भवानी. आता शाळेच्या कपाटात फिरती ढाल मिरवते आणि नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांवर फलक लटकतो. दोघांवर कोणी वार करत नाही. मार खाण्याचे मूळ काम आजही करते ती फरीच.