संधिपाद

सांधेदार पाय, खंडांनी बनलेले शरीर आणि बाहेरून कठीण आवरण असलेल्या अपृष्ठवंशी प्राण्यांचा संघ. कोळंबी, खेकडा, विंचू, गोचीड, गोम, झुरळ आणि फुलपाखरू हे सारे यात येतात. आजवर वर्णन झालेल्या प्राणिजातींपैकी सुमारे 80 टक्के जाती याच संघातील असून त्यांत कीटकांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

संधिपादांची शरीररचना समजून घ्यायची तर सुरुवात आवरणापासूनच करावी लागते. कायटिन आणि प्रथिने यांचे हे बाह्यकंकाल स्नायूंना आधार देते आणि शरीरातले पाणी टिकवते. खेकड्यासारख्या प्राण्यांत कॅल्शियम कार्बोनेटमुळे ते अधिकच कणखर होते. मात्र ते वाढत नाही. म्हणून वाढीसाठी कात टाकणे अटळ ठरते. एक्डायसोन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली जुन्या आवरणाखाली मऊ, सुरकुतलेले नवे आवरण तयार होते. जुन्याचा आतला थर विकरांनी विरघळतो आणि त्यातले बरेचसे द्रव्य शरीरात परत शोषले जाते. मग जुने कवच ठरावीक रेषांवर उकलते. बाहेर पडलेला प्राणी पाणी किंवा हवा आत घेऊन फुगतो आणि त्यानंतर नवे आवरण कठीण होते. आतड्याच्या पुढच्या व मागच्या भागाचे अस्तरही कातीबरोबर निघून जाते. मऊ अवस्थेतला खेकडा शत्रूपुढे हतबल असल्याने बिळात दडून राहतो.

रक्ताभिसरण खुले असते आणि चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो. श्वसनाची साधने मात्र अधिवासाप्रमाणे वेगळी आहेत: कोळंबी-खेकड्यांसारख्या कवचधारींना कल्ले, विंचवाला पुस्त-फुप्फुसे, तर कीटकांना थेट ऊतींपर्यंत हवा पोचवणाऱ्या श्वासनलिका.

हयात संधिपादांचे चार उपसंघ मानतात. कोळी, विंचू, गोचीड यांच्या उपसंघात शृंगिका नसतात. ‘हॉर्सशू क्रॅब’ हा नावाने खेकडा असला तरी त्यांचाच नातलग आहे. बहुपादांपैकी गोमेला दर खंडावर पायांची एक जोडी असते, वाणी किंवा पैसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किड्याला बहुतेक खंडांवर दोन. प्रौढ गोमेच्या जोड्या नेहमी विषम असतात, त्यामुळे तिला नेमके शंभर पाय कधीच नसतात. ऑस्ट्रेलियात सापडलेल्या एका वाणीला 1,306 पाय आढळले. त्या जातीचे वर्णन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. कवचधारींना शृंगिकांच्या दोन जोड्या असतात, कीटक ज्यात येतात त्या षट्पादांना एक. ट्रायलोबाइट हा पाचवा मोठा गट पर्मियन कल्पाच्या अखेरीस, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला.

केवळ बाह्यरूपावरून केलेले वर्गीकरण किती फसवे ठरते, हे या संघाइतके क्वचितच कुठे दिसते. लिनिअसने 1758 मध्ये खेकडे आणि कोळी कीटकांतच घातले होते. जहाजांच्या तळाला चिकटणारी बार्नॅकल शिंपल्यांच्या नात्यातली मानली जात. 1830 मध्ये जॉन व्हॉन टॉमसन यांनी तिच्या डिंभावरून ती कवचधारी असल्याचे दाखवले. शरीर खंडमय म्हणून गांडुळांशी जोडलेले नातेही टिकले नाही. 1997 मध्ये रेणवीय पुराव्यांच्या आधारे संधिपादांना गोलकृमींसह कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या एका महागटात ठेवण्यात आले. त्याच प्रकारच्या अभ्यासांतून पुढे कीटकांचा उगम कवचधारींमधूनच झाल्याचे स्पष्ट झाले. साहजिकच झुरळाचे कोळंबीशी असलेले नाते गोमेपेक्षा जवळचे ठरते आणि कीटकांना वगळून कवचधारी हा स्वतंत्र गट मानणे आता शास्त्रीयदृष्ट्या अपुरे आहे.