एकवीस वर्षांच्या मुलाचा करार

गेल्या महिन्यात परंदवडीत माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन भेटायला आला. सोबत एक करारपत्र होतं. मुलगा कबड्डी खेळतो, चढाईत चांगला आहे, वय एकवीस. एका व्यावसायिक संघाने तीन वर्षांचा कागद पुढे केला होता आणि तिन्ही वर्षांची रक्कम आजच ठरलेली होती. मित्र त्याला सांगत होते, "एकच वर्ष कर, पुढच्या वर्षी दुप्पट मिळतील." आई म्हणाली, "सर, याचे अब्बा नाहीत. सही करू द्यायची की नाही, तुम्ही सांगा."

मी भाषा शिकवणारा माणूस. पहिल्यांदा शब्दच आठवला. 'करार' अरबीतून आला. उर्दूत त्याचे दोन अर्थ आहेत, ठरलेला समझोता आणि मनाची शांती. म्हणून तर 'बेकरार'. मराठीने समझोता ठेवला, शांती मागे राहिली. त्या माऊलीला दोन्ही हवे होते. मी आठवड्याची मुदत मागून घेतली आणि इतिहास चाळायला बसलो.

आपल्याकडे खेळाडूला पोसण्याची रीत जुनी आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, तालमी उभारल्या, 1912 मध्ये खासबागेचं मैदान बांधलं. जातधर्म न पाहता गुणाला आश्रय मिळाला. पण आश्रयाला मुदत नसते. देणाऱ्याची मर्जी असेपर्यंत तो चालतो. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि दरबारच राहिला नाही. करारात मुदत लिहिलेली असते, हा त्याचा आश्रयापेक्षा मोठा गुण. मात्र ती मुदत कोणाच्या सोयीची आहे, हे पाहावं लागतं.

हा प्रश्न सगळ्यात उघडपणे लढला गेला तो अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये. तिथे 1995 पासून नवख्या खेळाडूचा पगार तक्त्याने बांधला गेला. मुलगा कितीही चमकला तरी सुरुवातीच्या वर्षांत रक्कम ठरलेलीच. म्हणून सगळी ओढाताण पुढच्या कराराच्या वेळेवर आली. मिनेसोटाच्या केविन गार्नेटने 1997 मध्ये, एकविसाव्या वर्षी, आधी सुमारे 10 कोटी डॉलर नाकारले आणि नंतर सहा वर्षांसाठी 12 कोटी 60 लाखांवर सही केली. मालक हादरले. पुढच्या वर्षी त्यांनी खेळच बंद ठेवला आणि तो हंगाम 50 सामन्यांवर आला. नव्या समझोत्यात एका खेळाडूच्या कमाल पगारालाही मर्यादा लागली. आज तिथे पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाशी तिसऱ्या हंगामानंतर करार वाढवता येतो. तेव्हा जमलं नाही, तर चौथ्या हंगामानंतर तो बाजारात जातो. पण दुसऱ्याने दिलेली बोली तेवढ्याच रकमेला उचलून त्याला ठेवून घेण्याचा हक्क जुन्या संघाकडे असतो.

आपल्या जवळची गोष्टही आहे. 2008 मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा 19 वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघातली मुलं लिलावात आली नाहीत. संघांनी ती ठराविक रकमेवर वाटून घेतली. रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला. दोन हंगामांनंतर त्याने नूतनीकरणावर सही केली नाही आणि मुंबईशी बोलणी चालवली. नियम मोडला म्हणून 2010 चा पूर्ण हंगाम त्याच्यावर बंदी आली. तेव्हा तोही एकवीसचाच. 2011 च्या लिलावात कोचीने त्याला साडेनऊ लाख डॉलरला घेतलं, 2012 मध्ये चेन्नईने 20 लाखांना. त्याच 2011 मध्ये मनीष पांडेवर चार सामन्यांची बंदी आली. कारण होतं पुण्याच्या संघाशी परस्पर केलेली पैशांची बोलणी. हा पुणे संघ 2012 मध्ये आमच्या शेजारच्या गहुंजे मैदानावर खेळला आणि 2013 नंतर स्पर्धेतूनच गेला. म्हणजे मुदत फक्त खेळाडूची संपत नाही, संघाचीही संपते.

आता कबड्डी. 2014 च्या पहिल्या प्रो कबड्डी लिलावात सर्वांत महाग राकेश कुमार होता, 12 लाख 80 हजार. 2018 मध्ये मोनू गोयतला 1 कोटी 51 लाख मिळाले. चार वर्षांत जवळपास बारापट! बाजार असा चढत असताना लांब मुदतीची बांधलेली रक्कम म्हणजे खेळाडूचा तोटा. मित्र म्हणत होते ते चूक नव्हतं.

पण दुसरी बाजू गुडघ्याची आहे. 2022 मध्ये पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतलं गेलं. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. तरी पुढच्या लिलावात त्याला 2 कोटी 60 लाखांहून जास्त मिळाले, कारण त्याचं नाव झालेलं होतं. नाव न झालेल्या मुलाची वाट कोण पाहतं? अस्लम इनामदारचं उदाहरण इथे बोलकं आहे. पुणेरी पलटणने त्याला नवा तरुण खेळाडू म्हणून घेतलं आणि टिकवून ठेवलं. 2023 मध्ये तो आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, 2024 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याने प्रो कबड्डी जिंकली. त्याच वर्षी पुढच्या हंगामात गुडघ्याने त्याला बाहेर बसवलं. संघाने त्याला सोडलं नाही. पण तोवर तो कर्णधार झाला होता.

आठवड्याने मी मायलेकांना एवढंच सांगितलं. घरात दुसरी कमाई असेल तर थांबण्याची ऐपत असते, तुमच्याकडे ती नाही. म्हणून सही करा, पण तीन गोष्टी लिहून घ्या. मुदत दोन वर्षांची. तिसरं वर्ष वाढवायचं तर मुलाचीही संमती हवी आणि रक्कम नव्याने ठरावी. दुखापत झाली तर उपचार आणि त्या हंगामाचे पैसे संघाचे. मुलगा म्हणाला, "सर, एवढं मागितलं तर ते दुसरा बघतील."

दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसऱ्या वर्षाचा हक्क संघाने स्वतःकडेच ठेवला. सही करण्याआधी आईने कागदावर एकाच जागी बोट ठेवून विचारलं, "गुडघ्याचं इथेच लिहिलंय ना?" मुलाने ते कलम तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सही केली.