रूप पालटणारा करोना

“लशीच्या दोन मात्रा घेऊनही २०२२ च्या जानेवारीत घरोघरी करोना कसा आला?” असे भगिनी मला विचारतात. वाचून समजले ते सांगते. लशीने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती विषाणूच्या अंगावरील काटे ओळखून त्यास अडवितात. आपल्या देशात २०२० साली प्रथम आढळलेल्या डेल्टाचे काटे थोडे बदललेले होते. ओमायक्रॉनच्या काट्यांत तर ३० हून अधिक बदल! पुष्कळ प्रतिपिंडांना ओळख पटेना. मुंबईत दिवसाला २०,००० वर रुग्ण सापडले. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये निघालेल्या प्रयोगशाळेत ही रूपे तपासली गेली. परंतु रक्तातील लढाऊ पेशींना शत्रूची जुनी खूण पटली. म्हणून दुसऱ्या लाटेइतके मृत्यू झाले नाहीत. तेव्हा लस वाया गेली, असे कोणी म्हणू नये.