भोंगा बंद कोणी केला?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून पहाटे वास सुटला. शेजारच्या वस्तीत लोकांचे डोळे चुरचुरले, दोन म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. दुपारी व्हॉट्सअॅपवर कंपनीची प्रेसनोट आली. किरकोळ तांत्रिक बिघाड, परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. मी ती जवळपास जशीच्या तशी बातमीत लावली. रात्री वस्तीतल्या एकाचा फोन आला, "भाऊ, किरकोळ म्हणून छापलंत, पण वास कशाचा होता ते कुठं छापलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. वीस वर्षं या धंद्यात काढून ही गत. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून भोपाळबद्दलचं जुनं वाचन पुन्हा काढलं.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, टाकी तापली आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन वायू शहरावर गेला. हे बहुतेकांना माहीत आहे. भोंग्याची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. कारखान्यावर दोन भोंगे होते, एक आतल्या कामगारांसाठी आणि एक बाहेरच्या वस्तीसाठी. त्या रात्री बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. आतला वाजत राहिला. बारीकसारीक गळतीला लोक उगाच घाबरू नयेत, म्हणून कार्यपद्धतच तशी बसवून ठेवली होती. मोठा भोंगा पुन्हा वाजला तोवर काझी कॅम्प, जयप्रकाश नगर भागातले लोक झोपेतून उठून खोकत, धडपडत पळत सुटले होते. कित्येकजण तर वारा जिकडे वायू नेत होता तिकडेच पळाले.

तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका. एवढ्या दोन वाक्यांनी कितीतरी जीव वाचले असते. ही दोन वाक्यं कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना त्याआधीच्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर आत काहीतरी घातक आहे हे कबूल करावं लागलं असतं ना!

हमिदिया रुग्णालयात डॉक्टरांसमोर हजारो माणसं. वायू कोणता, उपचार काय, म्हणून कंपनीकडे विचारणा झाली, तर उत्तर आलं की हा डोळ्यांना झोंबणारा वायू आहे, अश्रुधुरासारखा, जीवघेणा नाही. पाण्याने डोळे धुवा. तिकडे शवागारात जागा उरली नव्हती. पुढे सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनवरून वाद झाला. सायनाइडची शंका असेल तर ते द्या, असं आधी कळवणाऱ्या कंपनीने नंतर शब्द फिरवला. तोंडाला कुलूप लावण्याची ही किंमत कंपनीने नाही, रुग्णांनी मोजली.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) कंपनीला सगळं माहीत होतं. मे १९८२ मध्ये अमेरिकेतून आलेल्या त्यांच्याच तपासणी पथकाने विषारी वायू सुटण्याची शक्यता कागदावर लिहून दिली होती. त्याच वर्षी राजकुमार केसवानी नावाच्या भोपाळच्या पत्रकाराने स्वतःच्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात लागोपाठ लेख लिहून शहर धोक्यात असल्याचं सांगितलं. विधानसभेत प्रश्न आला तेव्हा कामगारमंत्र्यांनी भोपाळला धोका नाही, कारखाना म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवायला दगड नव्हे, अशा अर्थाचं उत्तर दिलं. जून १९८४ मध्ये केसवानींनी 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. सहा महिन्यांनी ते खरं ठरलं. त्यांच्याकडे ना मोठा पेपर होता, ना जाहिराती. त्यांनी कागद मिळवले, कामगारांशी बोलले आणि वायूचं नाव विचारलं. मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

७ डिसेंबरला कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन भोपाळला आले. अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि सरकारी विमानाने ते दिल्लीला गेले. कोर्टासमोर पुन्हा कधी आलेच नाहीत. त्यानंतर कंपनीचं बोलणं वकिलांच्या सल्ल्याने सुरू झालं. कोणा नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडलं, असा सिद्धांत पुढे आला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ७ जून २०१० रोजी भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, लगेच जामीनही. साडेपाच लाखांवर लोक बाधित, आणि हिशोब असा मिटवला.

कोणी म्हणेल, त्या काळी कंपन्यांना संकटात कसं वागावं ते कळत नव्हतं. अजिबात नाही. दोनच वर्षं आधी, १९८२ च्या सप्टेंबरअखेर, शिकागो भागात कोणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं आणि ७ माणसं मेली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्याचा दोष नव्हता. तरी कंपनीने जाहिराती थांबवल्या, लोकांना गोळी घेऊ नका म्हणून सांगितलं आणि देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. अध्यक्ष जेम्स बर्क स्वतः टीव्हीवर बोलले. नोव्हेंबरमध्ये सील केलेलं नवीन पॅकिंग आलं आणि वर्षभरात गिऱ्हाईक परत फिरलं. मॅनेजमेंटच्या वर्गांत हे उदाहरण देवासारखं पुजतात. त्याच कंपनीची बेबी पावडर पुढे हजारो दावे अंगावर घेऊन बसली, हे त्या वर्गात कितपत सांगतात कोण जाणे.

आपल्याकडचंही एक आठवतं. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर आणि महाराष्ट्राच्या एफडीएला कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. अळीची आणि भोपाळची तुलना होऊच शकत नाही. पण कंपनीची पहिली प्रतिक्रिया काय होती? आमच्याकडे असं होणं शक्य नाही, दुकानदारांनी माल नीट ठेवला नसेल. विक्री पडल्यावर जाग आली. दुकानदारांना माल साठवण्याचं शिक्षण, जानेवारी २००४ मध्ये घट्ट बंद होणारं नवीन वेष्टण आणि जोडीला अमिताभ बच्चन. गिऱ्हाईक दुसरा ब्रँड घेऊ शकतं म्हणून कंपनी वाकली. कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाला दुसरी हवा विकत घेता येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी अमिताभ आणत नाही.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखाली १९८९ चे घातक रसायनांचे नियम. त्या नियमांत स्पष्ट आहे की मोठ्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते, त्या शेजाऱ्यांना धोका कोणता आणि अपघात झाल्यास काय करायचं, काय टाळायचं, हे आधी सांगितलं पाहिजे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट सांगितले. आमच्या इथल्या गटाची शेवटची बैठक कधी झाली, हे मी तीन जणांना विचारलं. तिघांनी एकमेकांचे नंबर दिले.

सोमवारी मी कारखान्याला आणि तहसील कार्यालयाला लेखी पत्र देतोय. प्रश्न चारच आहेत. त्या पहाटे सुटलेल्या वायूचं नाव काय? टाकीत आत्ता किती साठा आहे? बाहेरच्या वस्तीसाठी भोंगा आहे का, आणि शेवटचा कधी वाजवून पाहिला? वस्तीला काय सांगितलं आहे?

उत्तर येईल तसं इथे टाकेन. नाही आलं तर तेही टाकेन. त्या वस्तीतलं कोणी वाचत असेल तर त्या दिवशीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, मला इनबॉक्समध्ये फोटो पाठवा. आणि फोन करणाऱ्या भावा, तुझा नंबर सेव्ह केलाय. सोमवारी सोबत ये.