मेहुणीशी लग्न? 72 वर्षं बेकायदा!

बहिणीच्या नवऱ्यावर जीव जडला तर? बहीण आता या जगात नाही, दोघंही मोकळे आहेत. आपल्याकडे तर 'मूल लहान आहे, मेहुणीच करून घ्या' असं घरचेच सुचवायचे. पण व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये असं लग्न कायद्याने लग्नच नव्हतं.

विल्यम होल्मन हंट हा त्या काळचा नावाजलेला चित्रकार. 1865 मध्ये त्याचं फॅनी वॉ हिच्याशी लग्न झालं. वर्षभरात, बाळंतपणानंतर फॅनी फ्लॉरेन्समध्ये वारली. मुलगा वाचला. पुढे हंट आणि फॅनीची धाकटी बहीण एडिथ प्रेमात पडले. ती त्याच्यापेक्षा जवळपास 20 वर्षांनी लहान.

अडचण काय? चर्च म्हणायचं, नवरा-बायको म्हणजे एकच देह. मग बायकोची बहीण ती तुझीही बहीणच! 1835 पर्यंत थोडी पळवाट होती. दोघं जिवंत असेपर्यंत कुणी धर्मकोर्टात गेलं नाही, तर लग्न टिकायचं. 1835 च्या कायद्याने तीही बंद केली. लग्न शून्य, मुलं अनौरस.

शेवटी 1875 मध्ये दोघांनी स्वित्झर्लंडला जाऊन न्यूशातेलमध्ये लग्न केलं. घरात मोठं भांडण झालं. शिल्पकार थॉमस वूलनर हा हंटचा जुना मित्र, आणि साडूसुद्धा. त्याने संबंधच तोडले.

इकडे पार्लमेंटमध्ये कायदा बदलायचं बिल पुन्हा पुन्हा यायचं आणि पडायचं. इतक्यांदा, की 1882 च्या 'आयोलँथी' या संगीत नाटकात त्यावर चक्क विनोद आहे. अखेर 1907 मध्ये बिल पास झालं, आणि आधी झालेल्या लग्नांनाही मान्यता मिळाली. हंट तेव्हा 80 वर्षांचा होता, एडिथसोबतच्या संसाराला 32 वर्षं होत आली होती. 3 वर्षांनी तो गेला. भावाच्या विधवेशी लग्न करायला मात्र इंग्लंडमध्ये 1921 उजाडावं लागलं.

आणि आपल्याकडे? 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बायको गेल्यावर मेहुणीशी लग्न चालतं. पण भावाची बायको राहिलेल्या बाईशी लग्न निषिद्ध नात्यात येतं. समाजात तशी रूढी असेल तरच सूट. म्हणजे विधुर दाजीला वाट मोकळी, विधवा वहिनीला रूढीचा दाखला हवा! असं का, यावर घरी एकदा बोलून बघा. भेटू पुढच्या भागात.