तेलाचा तवंग आणि तिवरांची मुळे

काळाचौकीजवळ शिवडीच्या खाडीत ओहोटीच्या वेळी तिवरांची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात. झाड त्यांतून हवा घेते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले. मासेमारी थांबली, भरतीबरोबर तेल किनाऱ्यावरच्या तिवरांत शिरले.

मुळांच्या छिद्रांवर तेल बसले की झाड गुदमरते. तवंग काही दिवसांत दिसेनासा होतो. चिखलात मुरलेले तेल मात्र टिकते, कारण तेथे प्राणवायू कमी असल्याने तेलाचे विघटन करणारे जीवाणू मंदावतात. खेकडे, निवट्या त्याच चिखलात राहतात. म्हणून अशा अपघाताचा इतिहास शिकवताना आपण तवंगापाशी थांबू नये; पुढच्या वर्षांतल्या चिखलाबद्दलही विचारावे.