कारणांच्या कागदाची कुळकथा

आयकराची एकदा पुरी झालेली आकारणी पुन्हा उघडायची, तर अधिकाऱ्याने त्याची कारणे आधी लिहून ठेवायची, ही रीत कायद्यात 1948 साली आली. 1922 च्या कायद्याचे कलम 34 जुनी प्रकरणे उघडू देतच होते. 1939 च्या दुरुस्तीने त्याला ‘निश्चित माहिती’ची अट घातली. 1948 मध्ये त्यातला ‘निश्चित’ गेला, उत्पन्न सुटले असे ‘मानण्यास कारण’ पुरेसे ठरले. मात्र कारणे नोंदवून वर आयुक्तांची संमती घेण्याची तरतूद झाली. 1961 च्या कायद्यात हीच रीत कलम 147 ते 151 मध्ये उतरली.

कागद होता, पण तो फाइलीत. करदात्याला कारणे कळवलीच पाहिजेत असे बंधन कायद्यात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये नारायणप्पा प्रकरणात म्हटले. नोटीस कशामुळे आली हे ठाऊक नसताना माणसाने उत्तर तरी काय द्यायचे?

आत काय लिहिलेले असू शकते, हे 1971 मध्ये छुगामल राजपाल प्रकरणात दिसले. काही सावकार नुसते नावाचे असल्याची पत्रे वरून आली होती. त्यावर अधिकाऱ्याने लिहिले होते की या कर्जांची चौकशी व्हायला हवी. म्हणजे उत्पन्न सुटले अशी खात्री नव्हती, संशय होता. आयुक्तांनी संमतीच्या रकान्यात फक्त ‘येस’ लिहून सही केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नोटीस रद्द केली. विचार न करता दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्व आजही आयकर अपिलीय न्यायाधिकरणापुढे रोज मांडले जाते.

कागद करदात्याच्या हाती पडायला 2002 साल उजाडावे लागले. ‘जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स’च्या निकालाने क्रम घालून दिला: करदात्याने विवरणपत्र भरावे, कारणे मागावीत, अधिकाऱ्याने ती द्यावीत, हरकती आल्या तर त्यांवर सकारण आदेश काढावा. पाठोपाठ 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हिंदुस्थान लीव्हरच्या प्रकरणात सांगितले की कारणे लिहिली तशीच वाचायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून त्यांत भर घालता येणार नाही. विदेश संचार निगमच्या प्रकरणात तर मागूनही कारणे न दिल्यामुळे फेरआकारणीच टिकली नाही.

अशा निकालांवर ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ अशी टीका होते. मला ती मान्य नाही. मिटलेला हिशेब उघडण्याचा अधिकार या नोंदीतूनच जन्मतो. नोंद पोकळ असेल तर अधिकारच नाही. 1941 पासून काम करणारे आयकर अपिलीय न्यायाधिकरण कराच्या रकमेआधी नोटिशीची वैधता तपासते, ते म्हणूनच.

2021 च्या वित्त कायद्याने कलम 148अ आणले. आता अधिकारी आधी माहिती देऊन कारणे दाखवा नोटीस काढतो, उत्तर ऐकतो आणि मग आदेश देतो. न्यायालयाने नोटिशीनंतर दिलेला हक्क कायद्याने नोटिशीआधी आणून ठेवला, हे चांगलेच झाले. पण ‘मानण्यास कारण’ जाऊन उत्पन्न सुटल्याचे ‘सुचवणारी माहिती’ आली, हा करदात्याचा तोटा आहे.

म्हणून अशी नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका. सोबतची माहिती आणि संमती कोणी दिली ते वाचा, आणि मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा.